पुरावाबाईचा तिसरा डाव

‘खरं की थाप’ तिसऱ्यांदा सुरू होणार, हे सांगायला निर्मातीचा फोन आला तेव्हा पुरावाबाई दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसली होती. एक गाल सुजलेला, त्यामुळे तिला फारसं बोलता आलं नाही. तिचं गप्प बसणं निर्मातीने होकार समजून टाकलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो चष्मा पुसत म्हणाला, “तुमचा हा कार्यक्रम मरत नाही बघ. नुसता कूस बदलतो.”

खेळ साधा होता. कुणीतरी साधं माणूस येऊन आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायचं. समोर पाच नामवंत बसायचे, कुणी नट, कुणी गायिका, कुणी खेळाडू. गोष्ट खरी की थाप, ते त्यांनी ओळखायचं. मग दिवा लागायचा: खरी असेल तर हिरवा, थाप असेल तर लाल. गोष्ट आधी तपासून ठेवायची आणि वेळ आली की दिव्याचं बटण दाबायचं, हे पुरावाबाईचं काम. शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन कर, शाळेचे दाखले बघ, जुनी वर्तमानपत्रं चाळ. तेविसाव्या वर्षी ती या कामाला लागली आणि महिन्याभरात तिचं नाव पुरावाबाई पडलं. आता केस पिकले तरी नाव तेच होतं.

पहिली खेप नऊ वर्षं चालली. तेव्हा सगळं थेट दिसायचं, कापाकापी नाही. सूत्रसंचालक दादा. त्यांचा आवाज असा, की नुसतं “या, बसा” म्हणाले तरी माणूस घरचं गुपित सांगून मोकळा व्हायचा. बारा वर्षांनी दुसरी खेप आली ती एका गोदामात, देखण्या तरुण नटाला घेऊन. तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पुढचा विचारायचा. तेरा भागांत गाशा गुंडाळला. आणि आता ही तिसरी.

निर्माती लहानपणी आजीच्या मांडीवर बसून पहिली खेप बघायची म्हणे. हे तिने पुरावाबाईला पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं. वाईट नव्हती पोरगी, फक्त तिचा उत्साह बघूनच दमायला व्हायचं.

“ताई, पहिल्या भागात दादाच पाहुणे,” ती म्हणाली. “पण सूत्रसंचालकाच्या खुर्चीवर नाही, गोष्ट सांगायला. दिवे गेले होते आणि त्यांनी टॉर्चच्या उजेडात कार्यक्रम केला, ती गोष्ट. खरी आहे ना?”

“खरी आहे. मीच टॉर्च धरला होता.”

“मग झालं तर.”

झालं कुठलं. पुरावाबाई तालमीसाठी दादांच्या घरी गेली तेव्हा त्यांनी तिला ओळखलं, चहा दिला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, “चहा घेणार ना?” सूनबाईने दाराआड नेऊन हळूच सांगितलं, “जुनं सगळं आठवतं त्यांना. पण कशातलं काय कशाला जोडतील, नेम नाही.” पुरावाबाईने हे निर्मातीच्या कानावर घातलं. निर्माती म्हणाली, प्रेक्षकांना तेही गोड वाटेल.

चित्रीकरणाच्या दिवशी दुपारी दादा आले, कडक इस्त्रीचा सदरा घालून. प्रेक्षक उभे राहिले. पाचही नामवंत उभे राहिले, त्यांतल्या तिघांचा तर पहिल्या खेपेच्या वेळी जन्मही झाला नसेल. दादा खुर्चीत टेकले, घसा साफ केला आणि बोलू लागले.

“एक शिंपी होता. आमच्या कार्यक्रमात आला होता.”

काचेआड बसलेल्या पुरावाबाईने कागदावरून मान वर केली. ही टॉर्चची गोष्ट नव्हती.

“त्याने विहिरीत उडी मारून एका लेकराला बाहेर काढलं होतं. तसं त्याने सांगितलं. खरं होतं. आणि आम्ही लाल दिवा लावला.”

तसंच झालं होतं. ऐन वेळी पाहुण्यांचा क्रम बदलला आणि पुरावाबाईच्या हातातल्या उत्तरांच्या चिठ्ठ्यांचा क्रम तोच राहिला. शिंप्याच्या तोंडावर लाल दिवा लागला. चूक लक्षात येताच हिने काचेआडून दोन्ही हात हलवले. दादांनी ते पाहिलं. पण कार्यक्रम थेट चालू होता आणि मिनिटभरच उरलं होतं. दादा हसून म्हणाले, “काय मास्तर, मापं घेता घेता थापाही शिवता होय?” सगळं गाव हसलं. शिंप्याला कायमचं नाव पडलं, थापाड्या. दुसऱ्या दिवशी पुरावाबाई म्हणाली, पुढच्या भागात चूक कबूल करू. वरचे साहेब म्हणाले, कार्यक्रमाची अब्रू जाईल. दादा म्हणाले, बघू. ते बघणं आजवर झालं नव्हतं.

“मग मला झोप येईना,” दादा सांगत होते. “आठव्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. तो कापड बेतत होता. मी म्हटलं, मास्तर, चूक आमची. त्याने कात्री खाली ठेवली, मला बसायला स्टूल दिलं.”

गायिका डोळे टिपत होती. पाचही जणांनी पाट्या वर केल्या: खरं, खरं, खरं, खरं, खरं.

निर्मातीचा आवाज पुरावाबाईच्या कानात आला. “ताई, ही कुठली गोष्ट? पडताळलेली आहे का?”

“आहे.”

“मग हिरवा ना?”

पुरावाबाईचा हात बटणांवर होता. आठव्या दिवशी दुकानात गेली होती ती स्वतः. स्टूल तिला मिळालं होतं. दादा कधी गेलेच नव्हते. हिरवा लावला असता तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. म्हातारा माणूस सुखाने घरी गेला असता. पण शिंप्याचा विचार मनात आला आणि वाटलं, त्याच्या बाबतीत एकदा खोटा दिवा लावून झालाय. तिने लाल दाबला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादांनी पाचही जणांना चकवलं होतं. नट धावत येऊन त्यांच्या पाया पडला. दादा लाल दिव्याकडे बघत राहिले. मग सवयीने हसले आणि हात जोडले.

रंगभूषेच्या खोलीत ते एकटेच आरशासमोर बसले होते. ती आत गेली आणि कापूस घेऊन त्यांच्या कपाळाची पावडर पुसू लागली.

“मी गेलो नव्हतो का गं?”

“नाही दादा. मी गेले होते. येऊन सगळं तुम्हाला सांगितलं होतं.”

“मला तर ते स्टूल दिसतंय.”

“मीच वर्णन केलं होतं.”

त्यांनी तिच्या हातातला कापूस घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले, “तो काय म्हणाला?”

ही एकच गोष्ट तिने त्यांना तेव्हा सांगितली नव्हती. आता झाकून ठेवायचं त्राण तिच्यात नव्हतं. “म्हणाला, बाई, तुम्ही कशाला आलात? दिवा तुमचा असेल, पण हसवलं त्यांनी.”

दादांनी मान हलवली. “बरोबर बोलला. चल, जाऊ या.”

“आज नको. रविवारी जाऊ.”

रविवारी सूनबाईने गाडी काढली. दुकानाच्या जागी चष्म्यांचं दुकान होतं, पण वरच्या मजल्यावर घर तेच होतं. दार शिंप्याच्या बायकोने उघडलं. शिंपी जाऊन चार वर्षं झाली होती. दादांना ओळखून ती दारातच थांबली, मग बाजूला झाली.

दादांनी उभ्यानेच सांगितलं. आवाज अजून तोच होता, पण शब्द धडपडत येत होते. “त्या दिवशी मला माहीत होतं. तरी मी हसलो. चुकलं.”

शिंप्याची बायको कोचाच्या कडेला टेकली. “ते तुमचा कार्यक्रम बघायचे,” ती म्हणाली. “प्रत्येक आठवड्याला. शिव्या घालायचे, पण बघायचे. मी म्हणायची, बंद करा ना. तर म्हणायचे, थांब, एखाद दिवशी सांगेल तो.”

दादा खाली बसले. थोड्या वेळाने पुरावाबाईनेच विचारलं, “ते लेकरू?”

“ती? दोन मुलांची आई झाली. येते अधूनमधून. ते गेले तेव्हा सगळ्यात आधी तीच आली होती.” बाई उठली. “पाणी आणते.”

जाताना बाईने दादांना जिन्यात हात दिला. माफ केलं, असं काही ती बोलली नाही.

तो भाग खूप गाजला. निर्मातीने आणखी सव्वीस भागांची मंजुरी आणली आणि पुरावाबाईकडे नव्या गोष्टींचा गठ्ठा पाठवला. पुरावाबाईने तो दोन दिवस उघडला नाही. मग निर्मातीला भेटून शिंप्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि म्हणाली, पुढच्या भागात हे तुझ्या तोंडून लोकांना कळू दे, त्याचं नाव घेऊन. तेवढं कर, मग मी सुटले. निर्मातीचा चेहरा उतरला. “ताई, वर विचारावं लागेल,” ती म्हणाली. पण तिने विचारलं, भांडली, आणि शेवटी दीड मिनिट मिळवलं. पुरावाबाईने ते घरी, नवऱ्याशेजारी बसून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही.

दादांचा फोन मात्र येऊ लागला, दर मंगळवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला.

“बाई, त्या शिंप्याकडे जायचं राहिलंय आपलं. कधी जायचं?”

“जाऊन आलो दादा.”

“हो? काय म्हणाला?”

नवरा खुणेने सांगायचा, माफ केलं म्हण आणि ठेव. सोपं होतं ते. ती गॅस बारीक करायची, खुर्ची ओढायची आणि चष्म्याच्या दुकानापासून सगळं सांगायला लागायची, तो जाऊन चार वर्षं झाली तेही, काही न गाळता.