आत नुसती खरखर

विजयसिंहने कॉम्प्युटरच्या डिस्क-सेटिंगमधला ‘नोबॅरियर’, म्हणजे ‘राखण नको’, हा शब्द खोडला. ‘राइटबॅक’च्या जागी सुरक्षित ‘ऑर्डर्ड’ लिहिलं, डिस्कवर उतरवण्यातलं अंतर सहाशे सेकंदांवरून पाचवर आणलं. वर्षभरापूर्वी हेच बदल उलटे करताना मिनिटही लागलं नव्हतं.

घरचा कॉम्प्युटर जुना, रडतखडत चालायचा. बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्याच्या घरी असलं मशीन, याची त्याला लाज वाटे. म्हणून त्याने वेग वाढवला: लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरवायचं नाही, मेमरीत ठेवून सवडीने उतरवायचं. मध्येच वीज गेली तर काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या शेळगावात वीज किती वेळा जाते, हेही ठाऊक होतं.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. पुण्याला निघायच्या दुपारी आई, लीलाबाई, दार लावून माइकसमोर बसली आणि त्याच्या बायकोच्या, सुप्रियाच्या पोटातल्या बाळाशी बोलली. काय बोलली ते सुनेलाही सांगितलं नाही. रेकॉर्डिंग सेव्ह करून ती उठली आणि लाईट गेली. लाईट परत आली तेव्हा फाइलचं नाव जागेवर होतं, आत नुसती खरखर. दारात गाडी उभी होती. पुन्हा बसायला वेळ नव्हता.

“लाईट गेली म्हणून,” असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. गावाने पुढचं, म्हणजे वायरमनचा दोष, आपल्या मनाने जोडलं.

बाहेर चपला वाजल्या. गावचा वायरमन मानसिंग पडवीत आला. लीलाबाई आणि सुप्रिया चटईवर घेवडा निवडत होत्या. विजयसिंह उठून दाराशी आला.

“काकी,” मानसिंग म्हणाला, “त्या दिशी लाईन मीच बंद केली. उसात तार तुटून पडली हुती, जवळच बाया खुरपत हुत्या. पन तुमचा आवाज गेला माझ्यापायी. आधी सांगाया पायजे हुतं.”

तो तिच्या पायांशी वाकला.

“मानसिंगराव, उठा,” विजयसिंह म्हणाला. “तुमच्यामुळं न्हाय गेलं ते. लाईट जाणार हे धरूनच मशीन लावायचं असतं. चटकन चालावं म्हणून मीच सगळी राखण काढून टाकली होती. माहीत असून.”

शेंगा निवडणारे हात थांबले. आईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिचे ओठ हलले, चार-पाच शब्दांपुरते. ते ओठ वाचायला घरात फक्त सुप्रिया शिकली होती.

“काय म्हणाली?” त्याने विचारलं.

सुप्रियाने सासूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“चहा ठेवते,” असं म्हणून ती आत गेली.

आईने सरकून मानसिंगसाठी चटईवर जागा केली. विजयसिंह दाराशी उभाच राहिला.