दसऱ्याला उघडलेली भट्टी

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो, पण म्हातारी म्हणाल तर खबरदार! माझा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीतला. माझ्याकडे भाकरी-बिकरी मागू नका. कल्याणच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मी स्फटिकाचे थर वाढवते.

माझ्या पोटात काचेची लांब नळी आहे. तिच्यात सेमीकंडक्टरची चकती ठेवतात आणि तिच्यावर वितळलेल्या धातूचा रस सरकवतात. मी सावकाश निवत जाते, तसतसे रसातले अणू चकतीवर रांगेत बसत जातात. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमधल्या इवल्याशा दिव्यात असेच थर असतात. पूर्वी माझे थर बघायला बाहेरगावचे लोक यायचे. काय मिरवायचे मी!

पुढे रसात ऑक्सिजनची घाण उतरू लागली आणि थरांवर ठिपके यायला लागले. नवी यंत्रं आली, माझ्या अंगावर धूळ साचली. प्रयोगशाळेचे प्रमुख सुदेश सर एकदा म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीआधी एक तरी स्वच्छ थर दाखवा, नाहीतर ही शीळफाट्याच्या भंगारवाल्याकडे." मला धडकीच भरली.

टिटवाळ्याची स्वप्ना मात्र हट्टाला पेटली. तिचं सगळं संशोधन माझ्यावरच चाललेलं. तिनं निओडिमियम आणला. 'दुर्मिळ मृदा' म्हणतात त्या घराण्यातला हा धातू. चिमूटभर रसात पडला की घाण स्वतःकडे ओढून धरतो, थराला लागू देत नाही. पण भारी हावरा! हवा लागली की तिच्यातलाच ऑक्सिजन खाऊन बसतो, मग रसातली घाण ओढायला त्याच्यात दम राहत नाही. म्हणून स्वप्नानं त्याचा तुकडा खरवडून चकचकीत केला, नळीत ठेवला, झाकण घट्ट लावलं, आतली हवा काढली आणि ती सणाला घरी गेली.

दसऱ्याला प्रशांतदादा आले. माझी पुसापुशी वर्षानुवर्षं तेच करतात. त्यांनी झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. तेवढ्यावर थांबले असते तर! "वर्षाचा सण, हिला आतून पण पुसून घेऊ," म्हणत त्यांनी झाकण उघडलं, फडकं फिरवलं आणि परत लावलं. मी बाई लाडानं सुखावले. आत तो तुकडा मात्र मळकट होत गेला.

दुसऱ्या दिवशी स्वप्नानं येऊन मला तापवलं, तर थर निघाला तो ठिपक्यांनी भरलेला. ती डोकं धरून बसली.

"दादा, झाकण उघडलेलं का कोणी?"

"मी उघडलेलं. पूजेसाठी," प्रशांतदादांचा चेहरा उतरला. "अगं, चांगलंच करायला गेलेलो मी."

क्षणभर तिचा पारा चढला. मग त्यांचे भरलेले डोळे बघून ती म्हणाली, "अहो, तुमच्याच मायेवर ही इतकी वर्षं टिकलीय. थोडा निओडिमियम उरलाय. चला, परत लावू."

तिनं नवा तुकडा खरवडला, आत ठेवला, दादांनी लगेच झाकण आवळलं आणि तिनं हवा काढली. मी जीव मुठीत धरून तापले, आणि निवताना तर श्वासही घेतला नाही.

थर बाहेर आला. दादांनी तो ट्यूबलाइटखाली धरला आणि ओरडलेच, "अगं स्वप्ना, माझी मिशी दिसते यात!"

सुदेश सरांनी पण वाकून बघितलं. "भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगा," ते हसत म्हणाले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, पुढच्या दसऱ्याला जरूर या. माळ घाला, कुंकू लावा, हवे तेवढे लाड करा. पण ज्याच्यावर माया करता, त्याला काय सोसत नाही तेही आधी विचारा. माझं म्हणाल, तर झाकण तेवढं लावलेलं राहू द्या.