सालकीनच्या पाठीखाली

ज्या दिवशी सालकीनला तालुक्याच्या दवाखान्यातून घरी आणले, त्या दिवशी सगळ्यांना कळले की तिची लुळी पडलेली डावी बाजू आता परत हलणार नाही. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, ओसमोनला, तसे स्पष्ट सांगितले होते. मित्रांनो, मी त्या घरातले मेंढीचे लोकरीसकट जुने कातडे आहे. तिला आत आणले तेव्हा मी दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या पाहुण्याच्या जागी पसरलेले होते.

मला सालकीननेच घडवले. ती तेव्हा नवी नवरी होती. तिने मला मीठ आणि आंबट ताक चोळले, सावलीत वाळवले, हातांनी मळून मळून मऊ केले. तेव्हापासून घरात जो सर्वांत मोठा पाहुणा, तोच माझ्यावर बसे. लोक माझ्यावरून हात फिरवीत आणि तिचे कौतुक करीत. पुढे माझ्या कडा पिवळ्या पडल्या. शहरातून आलेल्या तिच्या सुनेने मला एकदा कुत्र्याखाली घालायला काढले होते, पण सालकीनने परत आत आणले.

ओसमोनचा थोरला भाऊ जुमाश रोज तिला बघायला येई. माझ्यावर बसून चहा पीत राही. थोरल्या दिराला पाठ दाखवायची नाही, ही आमची रीत. म्हणून सालकीन दिवसभर उजव्याच कुशीवर, त्याच्याकडे तोंड करून पडून राही. ओसमोन वळवायला आला की डोळ्यांनीच नको म्हणे.

एके दिवशी गावची नर्स बुरमाकान आली. दोघा भावांना बाहेर काढून तिने सालकीनचे अंग पुसले, मग त्यांना आत बोलावले.

"कमरेच्या हाडावर लाल डाग आलाय. बोटानं दाबला तरी पांढरा होत नाही. अजून कातडी शाबूत आहे. अशीच पडून राहिली तर फुटेल, आणि मग हिचे हाल बघवणार नाहीत तुम्हाला."

"दिरांना पाठ करू?" सालकीन म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, हट्ट मात्र तसाच होता. "मेल्यावर करीन."

"मेल्यावर तुला कोण विचारतंय!" बुरमाकान जुमाशकडे वळली. "दादा, उठा. ते कातडं मला द्या, आणि तुम्ही तिकडे बसा."

"तिकडे कुठे?"

"दाराशी."

ओसमोनने मान खाली घातली. थोरल्या भावाला जोड्यांपाशी बसवल्याचे गावात कोणी ऐकले नव्हते. जुमाशने आपली चहाची वाटी उचलली आणि दाराशी जाऊन मांडी घातली.

"वारा लागतोय," तो कुरकुरला. "आणि ओसमोन, तुझ्या बुटांत काय उंदीर मेलाय का रे?"

सालकीन हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

"ओढू नको, उचल," बुरमाकानने ओसमोनला दाखवले. "बायको आहे, बटाट्याचं पोतं नाही."

दोघांनी तिला दाराकडे, जुमाशकडे तोंड करून वळवले आणि मी तिच्या अंगाखाली गेले.

पुढे तेच ठरून गेले. किटली संपली की जुमाश वाटी घेऊन जागा बदली, आणि सालकीन कूस बदले. "ओसमोनकडे पाहुणे सूर्यफुलासारखे फिरतात," असे म्हणून लोक हसत. ओसमोनही शिकला. तिच्या गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, चादरीची सुरकुती काढायची, भाकरीचा चुरा झाडायचा, ओल्या फडक्याने ओठ पुसायचे. अंग पुसले की कोरडे करायचे. मला तो उन्हात घाली आणि माझी लोकर विंचरी.

काही दिवसांनी बुरमाकानने पुन्हा तो डाग दाबून पाहिला. जागा पांढरी झाली आणि हळूहळू गुलाबी झाली. ओसमोन बाहेर गेला आणि घोड्याच्या मानेला टेकून उभा राहिला.

पुढच्या वसंतात सालकीन झोपेतच गेली. तिला अंघोळ घालणाऱ्या बायका बाहेर आल्या, तेव्हा त्यांतली थोरली म्हणाली, "ओसमोन, पाठ लेकरासारखी आहे रे तिची. एक डाग नाही." ओसमोनने आधी मोठा श्वास सोडला. रडू त्यानंतर आले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल तर औषध द्याच, पण त्यांची कूसही बदला. ते संकोचाने सांगणार नाहीत. तुम्ही विचारा, आणि गरज पडली तर आपली जागा सोडा.

गावाच्या वरच्या टोकाला तुर्दुबू राहते. तिचा नवरा दरडीवरून पडल्यापासून निजून आहे. बुरमाकानने त्याच्यासाठी मला मागितले आणि ओसमोन 'देतो' म्हणाला. सकाळी तो माझी घडी घालतो, संध्याकाळी पुन्हा उलगडून माझ्यावर बसतो. मला तिथे पोचवायचे अजून राहिले आहे.