रुमालाचा गोल

मी हॉकीची काठी बोलतेय. बर्फावरच्या हॉकीची बरं का, गवतावरच्या नव्हे!

कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या नोएल ग्लोड नावाच्या, मिकमॅक या तिथल्या मूळ जमातीच्या म्हाताऱ्याने मला झाडाच्या बुंध्या-मुळातून अखंड कोरलं. माझं वळण मुळाचं, शोधूनही जोड सापडायचा नाही. मला घेतलं ऑल्डन मर्चीने. खेळायला वाघ, वर लिहिण्याची खोड.

आमच्या वेळी गोलला जाळी कुठली! बर्फात दोन खांब आणि मागे पंच. चेंडूऐवजी चकती; ती खांबांमधून गेली की पंचाने रुमाल हलवायचा. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी चकती सणकून हाणली. ती खांबाबाहेरून गेली, चांगली दोन बोटं. पण पंच कॅलमला नेमकी तेव्हाच शिंक आली आणि त्याने नाक पुसायला रुमाल काढला. झालं! अख्खं गाव बर्फावर धावलं. खरं बोलायची छाती ना कॅलमला झाली, ना ऑल्डनला.

चषक आम्हाला मिळाला. दरवर्षी त्या गोलची मेजवानी झडायची. हरलेल्या शेजारगावचा गोलरक्षक सायलस रफ्यूज मात्र 'चाळणी' ठरला. मला फार वाईट वाटायचं.

बारा वर्षांनी ऑल्डन खेळावर पुस्तक लिहायला बसला. हस्तलिखित उतरवताना त्याची बायको एफी त्या गोलच्या खऱ्या हकिकतीपाशी थांबली.

"अहो, हे छापलंत तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"आणि सायलसने बारा वर्षं तोंड लपवलंय, त्याचं काय?"

छापलं. गाव रुसलं, मेजवानी बंद पडली. कॅलम एवढंच म्हणाला, "सर्दीच तशी होती हो."

एका रविवारी सायलस बायकोला घेऊन दारात हजर.

"हिला ते पान वाचून दाखव बाबा. माझं ऐकत नाही."

ऑल्डनने वाचलं. "म्हणजे मीसुद्धा उगाच चाळणी म्हणत राहिले," बाई हळूच म्हणाल्या. सायलसने डोळे पुसले, मला भिंतीवरून काढलं आणि ऑल्डनच्या हातात दिलं.

"चल तळ्यावर. आता मारून दाखव."

दोन बुटांचे खांब केले. ऑल्डनने मारलं. चकती सायलसच्या पायांतून सरळ आत!

"हा मात्र खुशाल लिही," सायलस हसत म्हणाला.

त्या फटक्यात माझं पातं तडकलं. ऑल्डनने मला सायलसलाच देऊन टाकलं; आता मी त्याच्या घरी भिंतीवर असते. मजेत आहे. मागणं एकच: खेळ मांडाल तेव्हा पंचाला आधी नाक शिंकरून यायला सांगा.