खिडकीतला गुलाबी कोंबडा

हे कुणाला सांगायचं नाही असं माझं तनूशी ठरलं होतं. म्हणजे तिनं मला बजावलं आणि मी गप्प राहिलो. मी नेहमीच गप्प असतो, पण तिनं तो होकार धरला. आज मात्र सांगतो. आज घरात गडबड आहे, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही, आणि मला राहवत नाहीये.

मी हवामानाचा कोंबडा बोलतोय. उंची जेमतेम वीतभर, तुरा लाल, पाय पिवळे आणि अंगावर एक खरखरीत पूड. हवा कोरडी असली की मी निळा होतो, दमट झाली की गुलाबी, आणि धड ना इकडे ना तिकडे असली की जांभळट. यात माझी हुशारी काही नाही, ती सगळी त्या पुडीची करामत. पण बघणाऱ्याला वाटतं, याला कळतं.

माझा जन्म पोर्तुगालच्या उत्तरेकडचा. एक बाई रेडिओ ऐकत आमच्या अंगाला गोंद लावायची आणि वरून पूड भुरभुरवायची. तिथून मी समुद्रकाठच्या एका गावात, एका म्हाताऱ्या बाईंच्या दुकानात आलो. फळीवर आम्ही कितीतरी कोंबडे होतो. सगळे एकदम रंग बदलायचो.

लोकांना वाटतं, पोर्तुगाल म्हणजे ऊन. ते उन्हाळ्यात येतात, म्हणून तसं वाटतं. पण तिथला उन्हाळासुद्धा सरळ नसतो. सकाळी समुद्रावरून धुकं चालून येतं, समोरची होडी दिसत नाही, आणि आम्ही सगळे गुलाबी. दुपारपर्यंत आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आम्ही निळे. मग उत्तरेचा वारा सुटतो आणि वाळूतल्या छत्र्या उलट्या करतो. पाणी तर ऑगस्टमध्येही इतकं गार की पाय बुडवून माणसं ओरडत बाहेर येतात. एखाद्या सप्टेंबरात आत डोंगरात वणवे पेटतात, धुरानं सूर्य नारिंगी दिसतो. तेव्हा मी जितका निळा झालो तितका पुन्हा कधी झालो नाही.

आणि हिवाळा. तो पर्यटकांनी पाहिलेलाच नसतो. महासागरावरून वादळं एकामागून एक येतात, लाटा धक्क्याची भिंत ओलांडून रस्त्यावर फुटतात. घरांना हीटिंग नसतं, भिंतींना घाम येतो, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. आमच्या बाई दुकानात कोट घालून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसायच्या. आम्ही फळीभर गुलाबी. पण तेव्हा एकटं वाटायचं नाही. शेजारचाही गुलाबीच असायचा.

एका ऑगस्टमध्ये वाऱ्यानं छत्री उडवली म्हणून एक कुटुंब आडोशाला दुकानात शिरलं. उदय, त्याची बायको मालविका आणि मुलगी तनू. केसांत वाळू, हातात मोडकी छत्री. तनूनं मला उचललं. उदय म्हणाला, "घे. पण आपल्या ग्लासगोच्या पावसात हा जन्मभर गुलाबीच राहणार बघ." तिघंही हसली. मीही मनात हसलो. मला वाटलं, गंमत करतोय.

ग्लासगोत माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीत, सिंकजवळ. काचेवरून आतून पाणी ओघळतं. छताला दोरीनं वर-खाली होणारा दांडा आहे, त्यावर ओले कपडे. एका बाजूला केटल, दुसऱ्या बाजूला कुकर. मी गुलाबी झालो आणि गुलाबीच राहिलो. सुरुवातीला पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे. मग माझ्या पाठीला भांडी घासायचा स्पंज टेकवून ठेवायला लागले.

गेल्या सप्टेंबरात उदयच्या कंपनीनं इथलं काम बंद करून त्याला वर्षभरासाठी पोर्तोला पाठवलं. माझ्याच देशात, माझ्याच किनाऱ्यावर. निघताना खाली टॅक्सी उभी होती. तनू दारात पायानं पायपुसणं सरळ करत होती, पुन्हा पुन्हा. उदयनं माझ्या तुऱ्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "हा निळा झाला ना तनू, की मी आलोच समज."

मोठी माणसं निघताना असं काहीतरी बोलतात. तनू चौदा वर्षांची आहे, तिला ते कळतं. तरी ती रोज शाळेतून आली की आधी माझ्याकडे बघायची.

मालविका हॉस्पिटलात डॉक्टर, शिफ्ट कधीही. त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघंच. तनू टोस्ट करायची आणि उभ्यानंच खायची. शाळेत ती फारशी बोलत नसावी, कारण दिवसभराचं सगळं मलाच सांगायची. आज लंचला लायब्ररीत बसले. आज पण. मी ऐकायचो. माझ्या शेजारी स्पंज, तिच्या शेजारी रिकामी खुर्ची.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिनं केस वाळवायचा ड्रायर आणला आणि माझ्यावर धरला. चटका बसला. पण बघता बघता मी जांभळा झालो, मग निळा. कितीतरी दिवसांनी. "कुणाला सांगायचं नाही हं," ती म्हणाली आणि माझा फोटो बाबाला पाठवला.

लगेच फोन आला. "अरे वा, ग्लासगोत ऊन? मजा आहे तुमची." उदय खूप वेळ बोलला. शाळा, आई, जेवण. टिचकी मारून काय म्हणाला होता, ते त्याच्या लक्षातच नव्हतं. फोन ठेवल्यावरही तनू तो हातात धरून उभी होती.

मला वाटलं, आता ड्रायर परत जाईल. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. मला निळं बघून बाबाचा आवाज हलका झाला होता, तेवढंच तिला पुरलं असावं. मग दर रविवारी सकाळी चटका, निळा रंग, व्हिडिओ कॉल.

"तिकडे कसं आहे?" उदय विचारायचा.

"मस्त. एकदम ड्राय. तुझ्याकडे?"

"इकडे काय, ऊनच ऊन."

मी फोनसमोरच असायचो, मला सगळं दिसायचं. त्याच्या मागची खिडकीची झडप कायम बंद. खोलीत बसून अंगात जॅकेट. खुर्चीवर एकच टॉवेल, रविवारमागून रविवार. नाक चोंदलेलं. पोर्तोचा डिसेंबर मला माहीत नाही होय? तिथं त्या वेळी माझे सगळे भाऊ गुलाबी असणार. पण मला विचारतो कोण.

फेब्रुवारीत एका रविवारी तो म्हणाला, "तनू, कंपनी अजून एक वर्ष राहा म्हणतेय. तुम्ही तिकडे मजेत आहात, तुमचा कोंबडासुद्धा निळा. उद्या हो म्हणून टाकतो. चालेल ना?"

तनूचा चेहरा मला जवळून दिसत होता. "इट्स फाइन, बाबा," ती म्हणाली.

मालविका नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिनं खिचडीचा कुकर माझ्या शेजारच्या बर्नरवर ठेवला होता. शिट्टी झाली आणि सगळी वाफ माझ्या अंगावर आली. मी काय करणार? आधी शेपूट, मग पंख, मग मान. फोनसमोर, उदयच्या डोळ्यांदेखत, मी गुलाबी होत गेलो.

"तनू," तो म्हणाला, "त्या कोंबड्याला काय झालं?"

मालविकानं कट्ट्यावर बघितलं. "हा ड्रायर किचनमध्ये कशाला आलाय?"

तनू माझ्याकडे बघत बोलली, त्याच्याकडे नाही. "तू म्हणाला होतास, निळा झाला की येणार. मी फोटो पाठवला. तू आला नाहीस."

मग उदय उठला, त्यानं झडप उघडली आणि फोन बाहेर धरला. पाऊस कोसळत होता. आडवा, वाऱ्याबरोबर, समोरच्या कौलांवरून उडणारा. "आठवडाभर हे असंच आहे," तो म्हणाला. "भिंतीला बुरशी आलीय. टॉवेल वाळत नाही. मला इथं अजिबात करमत नाही, तनू."

मालविका खुर्चीत बसली आणि थकून हसली. "म्हणजे दोघंही एका माळेचे मणी."

तनू रडत होती, पण फोनजवळ सरकून. मी मात्र त्या पडद्यावरच्या पावसाकडेच बघत होतो. तो माझा पाऊस होता. मला अजून थोडा वेळ बघायचा होता. उदयनं झडप लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला हो म्हटलं नाही. एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीत येतो, म्हणाला, तनूशी समोर बसून बोलतो आणि मगच ठरवतो. तेव्हापासून फोनवर आधी "खरं सांग" असतं. तिकडे पाऊस, इकडे पाऊस, आज मी लायब्ररीत बसले, आज मी एकटाच जेवलो. मला फोनसमोर धरायची गरज उरली नाही. ते बरंच आहे. ड्रायरनं माझ्या पाठीवरची पूड उडालीय, तिथं मी आता कुठल्याच रंगाचा नाही. तुम्हाला एवढंच सांगायचंय, की घरात कुणी कसं आहे ते माझ्यासारख्याकडे बघून ठरवू नका. विचारत जा.

आज एप्रिलमधली सकाळ आहे. दोन दिवस पूर्वेचा गार, कोरडा वारा सुटलाय. काचेवर पाण्याचा थेंब नाही. तनू कोट घालून खिडकीशी उभी आहे. एक हात माझ्या तुऱ्यावर आहे, पण बघतेय ती खाली रस्त्याकडे. माझ्या शेपटीच्या टोकाशी मघापासून काहीतरी होतंय. केटल बंद आहे, ड्रायर कपाटात आहे. मला तिला एवढंच सांगायचंय की तनू, जरा इकडे बघ, आज मला कुणी हातसुद्धा न लावता मी आपोआप नि—

"तनू, चल गं. बाबाचं विमान उतरलं."