डाकोटाचा हमाल

“नंबर कुठं आहे हो यावरचा?” भिंग डोळ्याला लावून मधुकररावांनी पितळी बिल्ला दोन-तीनदा उलटापालटा केला. “हे तर नुसतंच पितळ आहे.”

चहा घेऊन आलेली पंचफुला उंबऱ्यातच थांबली. खाटेवर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, इश्वरनं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यानंच तिला सगळं कळलं.

मधुकरराव हे नागपूरचे निवृत्त विमान-मेकॅनिक. सारी नोकरी मद्रासला डाकोटा विमानांच्या दुरुस्तीत गेलेली. पुढच्या महिन्यात नागपुरात जुन्या विमानांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. अड्याळच्या इश्वर गभण्याकडे अशा वस्तूंची पेटीच आहे, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून सकाळच्या एसटीनं ते आले. पेटी उघडली आणि म्हातारा हरखूनच गेला. सामानाला बांधायची पुठ्ठ्याची लेबलं, बासष्ट सालचं विमानांचं वेळापत्रक, डाकेच्या थैल्यांची शिशाची सिलं, चार पंख्यांच्या व्हायकाउंट विमानाचं रंगीत पोस्टकार्ड. उलटीची कागदी पिशवीसुद्धा होती, आणि तिच्यात पंचफुलाच्या सासूनं मरेपर्यंत हळकुंडं ठेवली होती. मधुकररावांनी ती नाकाशी नेली आणि पोटभर हसले.

पण माणूस भारी काटेकोर. प्रत्येक वस्तूखाली तिच्या माणसाचं नाव आणि काम लिहायचं, हा त्यांचा नेम. आणि इश्वरच्या कामाचा पुरावा एकच, तो बिल्ला. पंधरा वर्षं त्यानं सोनेगावच्या विमानतळावर रातच्या डाकेचे थैले वाहिले होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चार दिशांची विमानं रात्री नागपुरात उतरायची, आपापसांत डाक बदलायची आणि पहाटेआधी माघारी उडायची. त्र्याहत्तर साली ते सारं बंद झालं. कंत्राटी हमालाजवळ कागद कुठला असायला? वरवर नंबर कोरलेला बिल्ला तेवढा राहिला. गावात आधीच चेष्टा होती, “इश्वर विमानात होता म्हणे, अन् आमी चंद्रावर!”

तोच नंबर पंचफुलानं घासून घासून पुसून टाकला होता.

भंडाऱ्याची पोर ती, पितळेच्या गावची. घरात काळं पितळ दिसणं म्हणजे माहेरची नाचक्की! दर दिवाळीला ती चिंच आणि राख घेऊन बसायची. पाण्याचे गुंड, स्वयंपाकाचे गंज, समई, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त जोर लावून, नवऱ्याचा बिल्ला. अशा तेरा दिवाळ्या झाल्या. नवऱ्याची इज्जत आपण लखलखीत ठेवतोय, असं तिला वाटायचं. आता तिला स्वतःच्याच हातांचा संताप आला.

“तुमाले दिसत होतं न? मंग काहून नाई बोलले?”

“तू एवढ्या खुशीनं घासून राहिली होती,” इश्वर पुटपुटला. “कायले बोलू?”

मधुकररावांनी भिंग खिशात ठेवलं. “वस्तू मी घेतो. खाली लिहीन, अड्याळच्या बाजारातून मिळाल्या. वाईट वाटून घेऊ नका, पण भंगारातून उचलून आणणारे मला रोज भेटतात. पुराव्याशिवाय नाव लिहिता येत नाही.”

“लिवा मंग तसंच,” इश्वर म्हणाला. कुणाशी हुज्जत घालणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

पंचफुलाला असा राग आला म्हणता! चहा तिथंच खाली ठेवून तिनं पेटीचं झाकण धाडकन लावलं आणि सरळ त्यावर बसली.

“नाव नाई, तर पेटी नाई.”

“अहो बाई, माझी बाराची गाडी आहे.”

“जाऊ द्या गाडी! पितळ घासलं मीनं साहेब, माणूस नाई घासला. थे बसले हायेत तुमच्यासमोर, त्यायले इचारा. पंधरा वरीस राती जागले, मंग गावातल्या लोकायचं आयकून घेतलं. आता नागपुरात बी बाजाराचंच नाव लावता का जी? मी उठत नाई, सांगून ठेवतो.”

मधुकररावांनी एकवार तिच्याकडे पाहिलं. ही बाई खरंच उठणार नव्हती.

“बरं,” ते म्हणाले. “इश्वरभाऊ, डाकोटात थैले कसे भरायचे, सांगा पाहू.”

इश्वरनं दोन्ही हात हवेत हलवले.

“सांगता नाई येत जी. करता येते.”

“मंग करा न!” पंचफुला ओरडली.

पडवीत धानाची पोती रचलेली होती. इश्वरनं दुपट्टा डोक्याला गुंडाळला, एक पोतं पाठीवर घेतलं आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मान खूप खाली घालून तो बुटक्या दारातून शिरावं तसा शिरला. मग पुढं वाकला. गुडघे मोडून, पायाची बोटं रोवत, एकेक पाऊल जपून वर टाकत निघाला. अंगण तर तळहातासारखं सपाट होतं. तरी तो चढत होता.

“कंबर धरली वाटते,” म्हणत पंचफुला पुढं झुकली. मधुकररावांनी हात वर करून तिला गप्प केलं.

“डाकोटा शेपटीवर बसतं बाई,” ते हळूच म्हणाले. “उभं असतं तेव्हा नाक वर, शेपटी खाली. दार मागं. आत शिरलं की तलावाची पाळ चढावी तसा चढ लागतो, आणि जड थैले पार वर, पुढं न्यावे लागतात. नंतरची विमानं सपाट उभी राहू लागली. हा चढ भंगारवाल्याला कुठून ठाऊक असणार?”

बोलता बोलता ते भिंतीला सरकले आणि इश्वरला वाट करून दिली. त्यांनी पेन काढलं.

“पूर्ण नाव?”

“इश्वर तुलाराम गभणे,” पंचफुलानं ठणकावून सांगितलं. “रातच्या डाकेचा हमाल. थेही लिवा.”

इश्वरला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्यानं पोतं पलीकडच्या टोकाला अलगद टेकवलं, वळला, आणि टाचांवर भार देत, मागं रेलत, उतरल्यासारखा पडवीपर्यंत आला. दुसऱ्या पोत्यासाठी त्यानं पाठ वाकवली. पंचफुला पेटीवरून उठली, पदर खोचला आणि पोतं त्याच्या पाठीवर चढवायला तिनं हात लावला.