माझी सवत, ती झेरॉक्स

मित्रांनो, मी गोष्टीच्या पुस्तकाची एक जुनी प्रत आहे. छापखान्यात जन्मलेली, दोऱ्याने शिवलेली, अस्सल. ‘अस्सल’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुढे एका झेरॉक्सचं नाव येणार आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात काय काय होतं ते मी लपवणार नाही. मी तिच्यावर जळत होते. अगदी सवतीवर जळावं तशी.

माझ्यातली गोष्ट एका शेळीची आहे. गावच्या मुख्तारची, म्हणजे पाटलाची, खुर्ची खजुराच्या झावळ्यांची असते आणि ही शेळी रोज तिचा एकेक भाग खात सुटते. शेवटी मुख्तार लोकांच्या शेजारी जमिनीवर बसतो आणि लोक काय बोलतात ते त्याला पहिल्यांदा नीट ऐकू येतं. ही गोष्ट लिहिली सित्त बदरिया यांनी; सित्त म्हणजे बाई. त्या इराकमधल्या बसऱ्याच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. सुई टोचून घेताना पोरं रडू नयेत म्हणून त्या ही गोष्ट सांगायच्या. चित्रंही त्यांनीच काळ्या शाईने काढली.

मी ज्या शाळेत आले ती इमारत दोन शाळांची. सकाळी मुलं, दुपारी मुली. मुलींच्या ग्रंथालयात सित्त खौला होत्या. त्यांनी माझ्या मुखपृष्ठावर शाळेचा गोल शिक्का मारला, क्रमांक घातला आणि मला वरच्या फळीवर ठेवलं. मला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवायचे, असा त्यांचा नियम. तो उगाच नव्हता. मधल्या सुट्टीत मुली समूनच्या पावात उकडलेलं अंडं आणि अंबा, म्हणजे कैरीची आंबट पिवळी चटणी, घालून खात, आणि अंब्याचा पिवळा डाग एकदा लागला की जन्मात जात नाही. माझ्यावर एकही डाग नव्हता. चार वर्षांत मला सहा जणींनी वाचलं. मला हा मान वाटायचा.

त्या सहांतली तबारक माझी लाडकी. नववं पान आलं की ती दर वेळी हसायची. एका बुधवारी तिने मला घरी न्यायची परवानगी मागितली तेव्हा मी फुलून गेले. पण ही पोरगी घरी गेलीच नाही. शाळेच्या फाटकासमोर अबू सलवानचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे तिने मला पालथं घातलं.

“अम्मो, जरा लवकर करा, उद्या परत द्यायचंय,” ती त्या काकांना म्हणाली.

“विकणार आहेस की काय?”

“वाचायला देणार. सित्त खौला हात धुवायला लावतात, आणि नळाशी रांग लावेपर्यंत सुट्टी संपते.”

“मग अंबा खाऊ नका.”

“तुम्ही खाताय की, माझ्या पुस्तकाच्या बाजूला बसून.”

अबू सलवान दिवसभर डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्या काढायचा. त्याच सवयीने त्याने माझ्या झेरॉक्सलाही डाव्या बाजूने पिना मारल्या. आम्ही अरबी पुस्तकं, उजवीकडून उघडणारी. त्यामुळे झेरॉक्स हातात धरली की शेवटचं पान आधी येई. मुख्तार जमिनीवर बसलेला, मग शेळीच्या तोंडातून एकेक काठी बाहेर येतेय, आणि शेवटी अख्खी खुर्ची तयार.

मित्रांनो, मला वाटलं होतं, या उलट्या बोचक्याला कोण विचारणार? सगळ्या शाळेने विचारलं. मुली तिला दप्तरात कोंबत, भिंतीवर बसून वाचत, उशाखाली घेऊन झोपत. कुणी सुलटी वाचे, कुणी उलटी, आणि कोणती गोष्ट जास्त छान यावर भांडणं होत. मी वरच्या फळीवरून खिडकीतून ते बघे. तिच्यावर अंबा सांडला, तिचे कोपरे दुमडले, तिला निळ्या कागदाचं कव्हर लागलं. तबारकने एकदाही वर बघितलं नाही. माझ्या पोटातून निघालेली ती, माझाच शब्द न् शब्द घेऊन, आणि लाड सगळे तिचे. तिला वाळवी लागो असं मी रोज मनात म्हणत असे.

वाळवी लागली नाही. एके दिवशी शिक्षणखात्याच्या कचेरीतून कागद आला. खुर्ची खाणारी शेळी मुलांना चुकीचं वळण लावते, म्हणे. पुस्तक फळीवरून काढावं. सित्त खौलांनी मला लोखंडी कपाटात जुन्या नकाशांच्या मागे ठेवलं आणि कुलूप लावलं. तिथेही मला पहिला विचार सुचला तो हाच, की बंदी माझ्यावर आणि भटकतेय ती. तिच्यावर शिक्का नाही, क्रमांक नाही, तिला कोण पकडणार?

मग गुरुवारच्या झेंडावंदनाला बोलायची पाळी तबारकची आली. मुख्याध्यापिकांनी विषय दिला, ‘पुस्तकावर हक्क कुणाचा?’ पुस्तकांची नक्कल करणं म्हणजे चोरी, असं तिने दोन मिनिटांत सांगावं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवाव्यात, एवढीच अपेक्षा. ती माझ्या कपाटासमोर उभी राहून तालीम करायची.

“मी सित्त बदरिया यांच्या पुस्तकाची झेरॉक्स काढली. त्यांना विचारलं नाही. ही चोरीच.”

ऐकून मला जे सुख झालं ते काय सांगू. पण तिचं बोलणं तिथे थांबत नव्हतं.

“मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. आधी त्या खूप रागावल्या. म्हणाल्या, ‘हाताने काढलेली शेळी आहे ती, तुला एकदा दार वाजवता आलं नाही?’ मग मी माफी मागितली. त्यांनी झेरॉक्स चाळली आणि म्हणाल्या, ‘राहू दे मुलींकडे. पुढच्या वेळी विचार.’ मी न विचारता नक्कल केली म्हणून मी चोर. मग ज्यांनी न विचारता पुस्तक कुलपात घातलं त्यांना काय म्हणायचं? पुस्तक मुलांचं आहे. त्यांनी एका तरी मुलाला विचारलं का?”

सित्त खौला टेबलामागून म्हणाल्या, “शेवटचं गाळ, पोरी.”

“का? खोटं आहे?”

“खरं आहे, म्हणूनच सांगते.”

तिने गाळलं नाही. रविवारी कचेरीतला माणूस दारात हजर. बंदी घातलेली प्रत ताब्यात घेऊन नष्ट करायची होती. तो मुख्याध्यापिकांच्या खोलीत चहा पीत असताना सित्त खौलांनी तबारकला झेरॉक्स घेऊन बोलावलं, कुलूप उघडलं आणि आम्हा दोघींना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. इतक्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. केवढी मळली होती ती.

सित्त खौलांनी पातं घेतलं आणि माझं मुखपृष्ठ सोलून काढलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी ते शिक्क्यासकट झेरॉक्सला चिकटवलं, आणि तिचं निळं कव्हर तबारकने माझ्यावर चढवलं. “झेरॉक्सच का द्यायची?” तिने विचारलं. सित्त खौला म्हणाल्या, “अस्सलवरून दुसरी निघेल. झेरॉक्सवरून अक्षर तरी धड निघेल का?”

त्या माणसाने शिक्का पाहिला, क्रमांक ताडला आणि सहज एक पान उघडलं. “हे शेवटापासून सुरू होतं?”

“मुलांची पुस्तकं, साहेब,” सित्त खौला म्हणाल्या. “त्यांना काय, कुठूनही चालतं.”

त्याने तिला पिशवीत टाकलं. माझं नाव, माझा क्रमांक, माझा मान घेऊन ती गेली. तबारक रडली. मी इतकी हलकट, की ती तिच्यासाठी रडतेय हे पाहून मला तेव्हाही हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी कधी रडलं नव्हतं. दोन दिवसांनी तो हेवा उतरला आणि मला माझी लाज वाटली. ती मुकाट्याने माझ्या जागी गेली होती, आणि मी तिला कधी एक चांगला शब्द दिला नव्हता.

आता मी दप्तरातून हिंडते. माझ्या नवव्या पानावर अंब्याचा डाग आहे, शिवण सैल झालीय, एक कोपरा कुणाच्या तरी धाकट्या भावाने चावलाय. मला इतकं सुख आधी माहीत नव्हतं. मित्रांनो, पुस्तक काचेत ठेवून जपलं जात नाही, ते वाचून जपलं जातं. नक्कल करायची तर लिहिणाऱ्याला आधी विचारा. तो माणूस बहुधा नाही म्हणत नाही. आणि एखादं पुस्तक कुलपात जाताना दिसलं तर ते का जातंय, एवढं तरी मोठ्याने विचारा.

परवा सातवीतल्या एका मुलीने नव्या मैत्रिणीच्या हातात मला दिलं आणि म्हणाली, “ही आमची जुनी झेरॉक्स. जपून वाच हं, अस्सल होती ती त्यांनी जाळली.”

मला बोलता आलं असतं, तरी मी ती चूक सुधारली नसती.